बाविसावं कबूतर

आत्यानं बजावलं होतं, "अजून एक थाप मारलीस ना, तर सोमवारी शाळेत नेऊन बसवीन."

दोन थापा पकडल्या गेल्या होत्या. शाळा सोडून मला दीड वर्ष झालंय. आता परत गेले तर धाकट्या भावाच्या वर्गात बसावं लागेल. तो आत्तापासूनच म्हणतोय, "ताई, माझ्या बाकावर नाही हं."

आत्याचं पाट्या रंगवायचं दुकान, मी तिच्या हाताखाली. त्या दिवशी जिन्यात लावायच्या पाट्या होत्या, अंधारात चमकणाऱ्या रंगाच्या. आत्या एक अक्षर ओढते, ब्रश पुसते, मगच पुढचं ओढते. फडकं डाव्या हाताला, खिडकीत. तिकडे बघत पण नाही. चष्मा कपाळावर.

रात्री जेवून गच्चीवर वाळलेल्या पाट्या आणायला गेले, तर वर आकाशात हिरवा उजेड. घिरट्या घालत होता! विमान असं डुगडुगतं का? तीन जिने मी दोन उड्यांत उतरले.

"आत्या, वर काहीतरी उडतंय! हिरवं!"

"झाली तिसरी. दप्तर शोध."

"अगं, चल तरी!" मी तिला ओढतच वर आणलं. आकाश कोरं. आत्यानं वाळलेली एक पाटी उचलली. माझं डोकंच फिरलं. हवं तेव्हा कुठे मरतात हे उजेड?

शेजारच्या गच्चीवरून शिंपीकाका ओरडले, "आमचं कबूतर पाहिलंत का? एकवीस आलीत, बाविसावं नाही."

"तुमचं कबूतर राहू दे, इथे माझं—"

तेवढ्यात टाकीमागून तो उजेड वर आला.

आत्याच्या हातातली पाटी धाडकन पडली. "अगं बाई!"

"परग्रहावरचे!" म्हणत काका सरळ खुराड्यात शिरले. आतली एकवीस बाहेर.

"बघ! बघ! आता कोण थापाडी?" मी नाचायला लागले. उजेड खाली आला, अजून खाली, आणि आत्याच्या डोक्यावर बसला.

आत्या पुतळा. "काय आहे गं?"

"गुटर्रगूं," उजेड म्हणाला.

मी जवळ जाऊन पाहिलं. करडं कबूतर. पाठीवर हिरवे पट्टे, आत्याच्या चपट्या ब्रशाएवढे. मोजून सात. पाटीवर अक्षरं किती? सात.

"आत्या, तू ह्याला ब्रश पुसलास."

"काहीतरीच! मी फडक्यालाच पुसते."

"फडकं हललं नाही?"

"हललं ना. मला वाटलं, वारा आहे."

खुराड्यातून काकांचं डोकं बाहेर आलं. "तरीच! स्वतःच्या अंगाचा उजेड बघून बिचाऱ्याला दिवसच वाटतोय. झोपणार कसं?"

आत्यानं चष्मा डोळ्यांवर घेतला. कबुतराकडे बघायला मान वर केली, तर ते पण मागे सरकलं. मी कमरेवर हात ठेवून उभी.

"थाप नव्हती," ती शेवटी पुटपुटली.

"मोठ्यानं बोल. आणि सोमवारी?"

"सोमवारी दुकान. आठला ये. फडकं तू धरायचंस."

काकांनी गच्चीच्या कठड्यावरून हात लांब करून कबूतर घेतलं आणि झोप यावी म्हणून सदऱ्यात कोंबलं. मग जिना उतरायला लागले. दिवा लावायची गरजच नव्हती, पोट चमकत होतं.

खालून काकूंची किंकाळी आली.