आईच्या रक्ताचा फेस

कापडदुकानाच्या वरच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्चीवर ‘रक्तपारखी’ महाराज बसले होते आणि त्यांच्यासमोर माझी धाकटी बहीण बोट पुढे करून उभी होती. तिच्या मुलीच्या डोक्यावर चाई पडली होती, जागोजागी केस गळून नाण्याएवढे गुळगुळीत चट्टे.

महाराजांनी शेजारच्या तांब्यातलं पाणी काचेच्या वाटीत ओतलं, बहिणीचं बोट टोचून थेंब त्यात पाडला. पाणी फसफसलं, पांढरा फेस वर आला. लोकांनी हात जोडले. मग भाऊजींचा थेंब आधीच भरून ठेवलेल्या दुसऱ्या वाटीत पडला. तो मुकाट तळाशी गेला.

“बाप थंड. आग आईच्या रक्तात आहे, तीच पोरीचे केस जाळते. केस येईपर्यंत आईनं पोरीला शिवायचं नाही.”

भाऊजींनी तिथल्या तिथे भाचीला आपल्याकडे ओढलं. बहीण हात आखडून उभी राहिली. माझं डोकंच फिरलं. मी त्वचारोगांचा डॉक्टर, पण घरचा असल्यामुळे मला विचारतो कोण?

“भाऊजींचा थेंब पहिल्या वाटीत टाकून बघू,” मी म्हणालो.

“ती वाटी आता बाटली.”

“मग त्याच तांब्यातलं नवं पाणी घ्या.”

महाराज डोळे मिटून पुटपुटू लागले. पण भाऊजींना आपला थंडपणा पुन्हा मिरवायचा होता. “बघू दे की, मला कसली भीती?” म्हणत त्यांनी बोट दाबून थेंब थेट तांब्यात सोडला.

तांब्यातून फेस वर आला. भाऊजींचा चेहरा पडला.

“हे जखमा धुवायचं हायड्रोजन पेरॉक्साइड आहे,” मी म्हणालो. “कुणाचंही रक्त यात फसफसतं, महाराजांचंसुद्धा. भाऊजी, तुमच्या वाटीत साधं नळाचं पाणी होतं.”

“नास्तिकाच्या नजरेनं पाणी बिघडलं,” म्हणत महाराज मागच्या जिन्याने सटकले.

“मग हिचे केस जातात कशानं?” भाऊजींनी हळूच विचारलं.

“शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशी चुकून केसांच्या मुळांवर तुटून पडतात. त्या गडबडीच्या, सुजेच्या खुणा कधी रक्तात सापडतात, कधी नाही. हिच्या रक्ताच्या तपासणीत सुजेचा एक आकडा किंचित वाढलाय. त्यावरून केस कधी येतील हेसुद्धा मला सांगता येत नाही. दोष कुणाचा, हे कुठून सांगू? हा रोग शिवून होत नाही.”

घरी आल्यावर भाची आईच्या कुशीत शिरायला धावली. बहिणीने हात पुढे केले आणि मध्येच थांबवले. “दादा, खरंच काही होणार नाही ना रे?”

लबाडी उघडी पाडायला एक थेंब पुरला. ही भीती काढायला किती दिवस लागतील, मला माहीत नाही. म्हणून हात जोडून सांगतो, चमत्कार दिसला की आधी तो दुसऱ्या माणसावर करून दाखवायला लावा. निदान पोरीला आईपासून तोडण्याआधी तरी.