पाच वाजताची मिटिंग

मी भुजबली. निपाणीजवळच्या आमच्या गावात दूध डेअरीचा सेक्रेटरी. बावीस वर्षं झाली ह्या खुर्चीला. आता जे सांगतोय त्यात माझीच शोभा झालीया, पण सांगतो. लपवून तरी काय करू, समद्या गावानं बघितलंय.

मागच्या कार्तिकात बायकांच्या डेअरीची योजना आली. सभासद बाया, संचालक बाया, दूध थंड करायचं मशीनपण बायांच्याच ताब्यात. अटी दोनच. पन्नास बायांनी साहेबांपुढं हजर राहून सही करायची, आणि जुन्या डेअरीच्या सेक्रेटरीनं ना-हरकत पत्र द्यायचं. म्हंजे मी. खरं सांगू? समदं दूध तिकडं गेलं तर मी काय रिकाम्या डेअरीत माश्या मारत बसू?

तरीबी मिटिंग मीच ठेवली. संध्याकाळी पाचला, डेअरीच्या समोरच्या शेडात. बेळगावहून येणाऱ्या, योजनेच्या अधिकारी ऋतिका मॅडमना ती वेळ सोयीची होती, आणि आम्हा गडी माणसांनाबी तवा मोकळीक असती. साठ खुर्च्या मांडल्या, चहा सांगितला. आल्या किती? दोन म्हाताऱ्या. त्याबी पेन्शनचं काय तरी हाय म्हणून.

मॅडम तासभर वाट बघत बसल्या. मी म्हटलं, "मॅडम, आमच्या बायकांना ह्यात इंटरेस्टच न्हाय. लिवा तसं."

त्यांनी फॉर्मवर तसं लिहिलं. जाताना म्हणाल्या, "गुरुवारी शेवटची संधी. नाहीतर योजना संकेश्वरकडच्या गावाला जाईल."

घरी येऊन मी हे बायकोला सांगितलं. तारामती तिचं नाव. भांडी घासता घासता तिचा हात थांबला.

"इंटरेस्ट न्हाय, असं लिवलं?"

"मग काय लिवणार? कोण आलंच न्हाय."

"अवो, पाच वाजता कोण येणार? डोकं ठिकाणावर हाय का तुमचं? तीन महिने बासष्ट घरं पालथी घातली मी. एकेकीच्या सासूच्या पाया पडून बायांना तयार केलं. आणि तुम्ही एका ओळीत पुसून टाकलं व्हय?"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. छत्तीस वर्षांत ती माझ्यापुढं दोनदाच रडलीया, त्यात हे एक. म्हशी तिनं राखल्या, शेण तिनं काढलं, आणि डेअरीच्या कार्डावर नाव माझं. ती डेअरी तिला स्वतःसाठी पाहिजे होती, आणि मी ती घालवायला निघालतो.

आता पाच वाजता काय असतं, ते सांगायला पाहिजे. पाचला धारा. आणि आम्ही जैन माणसं, दिवस मावळायच्या आत जेवणारी. थंडीत सहाला दिवस जातो. त्या एका तासात बाईनं धार काढायची, भाकरी भाजायची, म्हाताऱ्यांना आणि पोरांना वाढायचं. हे मला ठाऊक नव्हतं का? रोज साडेपाचला मी पाटावर बसत होतो की! पण ताट पुढ्यात आपोआप येतंय, असंच धरून चाललो.

तारामतीनं लगेच मॅडमना फोन लावला. "मॅडम, गुरुवारी पाचलाच या. बाया येतील."

"अगं, आणि धारा?" मी विचारलं.

"तुम्ही काढा."

"आणि जेवण?"

"तेबी तुम्हीच बघा."

गुरुवारी साडेचारला बासष्ट बाया चांगली लुगडी नेसून घराबाहेर पडल्या. पुढं तारामती, मागं शेजारच्या भरमूची बायको राजाबाई. गावातले गडी हसत होते. मीबी हसलो, आणि बादली घेऊन गोठ्यात गेलो.

आमची चंद्री म्हैस. मी खाली बसलो, हात लावला, आणि हिनं अशी लाथ झाडली की बादली पार उकिरड्यावर. आमचा पोरगा अभिनंदन मोबाइलवर धार कशी काढायची त्याचा व्हिडिओ लावून उभा. त्याला म्हटलं, "मर्दा, तो व्हिडिओ म्हशीला दाखव!" शेजारी भरमू बायकोचं लुगडं डोक्यावरनं घेऊन बसलेला. तशानं म्हैस फसती म्हणं. मीपण दोरीवरचं लुगडं ओढून अंगावर घेतलं. चंद्रीनं ते हुंगलं, माझ्या तोंडाकडं बघितलं, आणि कीव आल्यासारखं अर्धा लिटर दिलं. दुसरी म्हैस तर जवळबी येऊ देईना.

डेअरीवर गेलो तर रांगेत समदे गडी, हातात रिकाम्या किटल्या. रोज चारशे लिटर येतं, त्या दिवशी सत्तरबी भरंना. समोरच्या शेडातनं मॅडम बाहेर आल्या. किटल्यांत वाकून बघितलं. मग माझ्या खांद्यावरचं लुगडं बघितलं. ते काढायचं राहूनच गेलतं.

"सर, दूध रोज एवढंच येतं?"

समदे किटल्यांची झाकणं लावाय लागले. शेवटी भरमू म्हणाला, "मॅडम, म्हशी आमच्या वळखीच्या न्हाईत."

शेडात बाया अशा हसल्या की पत्रे हादरले.

मॅडम हसल्या न्हाईत. आत जाऊन त्यांनी जुना फॉर्म काढला, 'इंटरेस्ट नाही' ही ओळ समद्यांपुढं खोडली. म्हणाल्या, "चूक माझीपण आहे. बायकांना विकासात सामील करून घ्या, असं पूर्वी म्हणायचे. मग कळलं, त्यानं त्यांच्या डोक्यावर आणखी एक काम चढतं. आता आम्ही शिकतो, की घरात काम कोण करतं, वेळ कुणाकडं आहे, ठरवतं कोण, हे आधी विचारा. शिकले सगळं, आणि मिटिंगची वेळ तेवढी विचारली नाही." मला ती पोरगी तवाच आवडली. चूक कबूल करणारा साहेब आम्ही बघितलेलाच न्हाय.

मग त्यांनी कागदावर दिवसाचे चोवीस तास आखले आणि तारामतीला एकेक तास विचारत गेल्या. मी दारात उभा.

"संध्याकाळी किती वाजता जेवता, काकू?"

"समद्यांना वाढून झाल्यावर. दिवस असला तर."

"आणि नसला तर?"

"तर न्हाय. पाणीबी न्हाय."

"असं कितीदा होतं?"

"थंडीच्या दिवसांत आठवड्यातनं दोनदा, तीनदा."

मॅडमनी बाकीच्या बायांकडं बघितलं. कुणी न विचारताच हात वर झाले. एक, मग दहा, मग मोजायचं सोडून दिलं. छत्तीस वर्षं मी साडेपाचला जेवून, हात धुऊन कट्ट्यावर जाऊन बसत होतो. ती जेवली का, हे एकदाबी विचारलं न्हाय.

बासष्ट सह्या झाल्या. राजाबाईनं तर एकेक अक्षर दाबून असं काढलं की कागद फाटायचाच राहिला. ना-हरकत पत्र मी महिनाभर तरी रखडवणार होतो, आता सांगायला काय लाजायचं. खिशातनं पेन काढलं आणि उभ्या उभ्याच सही केली. तारामतीनं पत्र हातात घेतलं, सही नीट वाचली, आणि मानेनं 'बरं' म्हणाली. एवढा रुबाब मी कुठल्या चेअरमनचाबी बघितला न्हाय. मला लई अभिमान वाटला तिचा, खरंच.

बाहेर आलो तर दिवस मावळलेला. घरात चूल पेटलीच नव्हती. मी भाकरी करायला गेलतो कुठं?

वाटेत मी म्हटलं, "तारा, माझ्यामुळं आज तूबी उपाशी."

ती म्हणाली, "मला सवय हाय. तुम्हाला झोप लागंल का?"