कोटाची दुमड

सीमाने सकाळपासून घर डोक्यावर घेतलं होतं. एक इंग्रज बाई कनेटिकटहून ड्राइव्ह करत एडिसनला येणार, तीही आपल्या सासऱ्यांना भेटायला, म्हणजे काय थोडी गोष्ट झाली? कोचावर नवी चादर पडली, ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानातून बाकरवडी आली आणि गुरुनाथांना दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसवण्यात आलं. एरवी ते कुरकुरले असते. आज नाही. सत्तावन्न वर्षं पोटात ठेवलेलं आज त्यांना सांगून टाकायचं होतं.

अडचण एकच होती. दोन वर्षांपूर्वी पक्षाघात झाला तेव्हा उजवा हात गेला, आणि जिभेवरचं इंग्रजीही गेलं. कळायचं सगळं, पण तोंड उघडलं की मराठीच निघायची, तीही अडखळत. डाव्या हाताने लिहायला जावं तर नुसत्या रेघोट्या. त्यामुळे मध्ये सीमा लागणार होती.

बाईचं नाव एलिनॉर. साठी उलटलेली, बोलायला गोड. गुरुनाथांच्या मुलाने, प्रतापने, वेबसाइटवर टाकलेला केनियातला एक जुना फोटो तिने पाहिला होता. बंगल्याच्या व्हरांड्यात शिलाई मशीनमागे बसलेले बावीस वर्षांचे गुरुनाथ. तो बंगला तिच्या आईवडिलांचा. आईवर ती पुस्तक लिहीत होती. हजारो एकरांचा मळा, घोडे, दुपारीच सुरू होणाऱ्या पार्ट्या, कुणाची बायको कुणाच्या मोटारीत सापडली, सगळं ती हसत हसत सांगत होती. मग म्हणाली, "आणि आईचा तो मोत्यांचा हार. आमच्या न्जोरोगे नावाच्या नोकराने चोरला. तुम्हाला आठवतो का तो?"

आठवतो का? अहो, त्याला विसरायला पक्षाघातसुद्धा पुरला नव्हता.

न्जोरोगे त्यांच्याच वयाचा. बंगल्यातले कप शिंप्यासाठी नसत, म्हणून तो स्वतःच्या पत्र्याच्या मगातून त्यांना चहा आणून द्यायचा. बाईसाहेब, म्हणजे एलिनॉरची आई, तेव्हा शेजारच्या मळेवाल्याबरोबर पळून जायच्या बेतात होत्या. हार सासरचा, उघड नेता येईना. त्यांनी गुरुनाथांकडून तो कोटाच्या खालच्या दुमडीत शिवून घेतला. दुसऱ्या दिवशी साहेबाने हार शोधला आणि पोलिसांनी न्जोरोगेला नेलं. बाईसाहेब ना पळाल्या, ना बोलल्या. न्जोरोगेची बायको गुरुनाथांच्या दुकानात आली होती. "तुम्ही त्या दिवशी तिथेच होता ना? काही पाहिलंत?" गुरुनाथांनी नुसती मान हलवली. नाही म्हणून. भित्रेपणा, दुसरं काय! दुसऱ्या वर्षी न्जोरोगे तुरुंगातच वारला.

"त्याने नाही घेतला," गुरुनाथ एकेक शब्द ओढून काढत सीमाला म्हणाले. "बाईसाहेबांनी... कोटाच्या दुमडीत शिवून घेतला. मी शिवला. तो निर्दोष होता... तुरुंगात मेला. सांग तिला."

सीमाचा चेहरा उतरला. ती एलिनॉरकडे वळून इंग्रजीत म्हणाली, "बाबा म्हणतात, तुमच्या आईंचा कोट त्यांनीच शिवला होता. फार सुंदर कोट. आणि हो, न्जोरोगेचं सगळं त्यांना आठवतंय."

"हे नाही म्हटलं मी," गुरुनाथ म्हणाले. "नीट सांग."

"बाबा, प्लीज." सीमा हसरा चेहरा ठेवून मराठीत बोलत होती. "घरी आलेल्या म्हाताऱ्या बाईला तोंडावर कसं सांगू, की तुझ्या आईने माणसाचा बळी घेतला? तिचे पोहेसुद्धा संपले नाहीत अजून."

एलिनॉरचा कोट शेजारच्या खुर्चीवर होता. गुरुनाथांनी डाव्या हाताने त्याची दुमड पकडली, चिमटीत धरून दाखवली, पुन्हा पुन्हा दाखवली. शेवटी त्यांना रडू फुटलं. एलिनॉरचेही डोळे भरले. तिने त्यांच्या हातावर हात ठेवला आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं.

संध्याकाळी त्यांनी प्रतापला सांगितलं. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "वीकेंडला फोन करतो तिला, बाबा." तो वीकेंड गेला, पुढचाही गेला. नंतर विषय काढला की तो गाडीची किल्ली शोधायला लागायचा.

दोन वर्षांनी पुस्तक आलं, जाड आणि गुळगुळीत. शेजारच्या दीपाला बोलावून सीमाने गुरुनाथांवरचं पान मोठ्याने वाचलं आणि मराठीत सांगितलं. "आईचा शिंपी गुरुनाथ आजही हयात आहे. न्जोरोगेची चोरी त्याला पक्की आठवते. आईच्या आठवणीने माझ्या कोटाची किनार हातात धरून तो रडला."

"काका, तुमचं नाव छापून आलं," दीपा म्हणाली.

"खोटं आहे ते," गुरुनाथ म्हणाले. या वेळी एकही शब्द अडखळला नाही.

"बघ," सीमा कौतुकाने म्हणाली, "स्तुती केली की बाबांना असं अवघडल्यासारखं होतं." त्यांनी पानाकडे हात नेला, तेव्हा चुरगळेल म्हणून तिने पुस्तक अलगद काढून घेतलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं, गणपतीशेजारी ठेवलं. गुरुनाथांची खुर्ची त्याच्या बरोबर समोर होती.