पंधरा गावं मुकी करणारे बाबा

ते १९९३ साल. साक्री तालुक्यातल्या आमच्या डोंगराळ भागात पंधरा गावांना नवे बिनतारी फोन मिळाले होते. आमच्या गावचा फोन हस्तीमलशेठच्या किराणा दुकानात, गुळाच्या ढेपेशेजारी. छपरावर उंच खांब, त्यावर एरियल आणि दुकानासमोर ही गर्दी! फोनसाठी नव्हे, मौनीबाबांसाठी. हे मौनीबाबा दिवसभर बोलत. मौन त्यांनी इतरांसाठी राखून ठेवलं होतं.

दर गुरुवारी सकाळी ते या फोनवरून नदीपलीकडच्या गावातल्या भक्तांना प्रवचन देत. “माझी वाणी सुटली की पंधरा गावांचे फोन मुके होतील!” असं आधीच बजावून ठेवत. आणि खरंच होत! साक्रीच्या बाजारात लोक खात्री करून घेत.

“आमना गावना फोन बी मुका व्हयना!”

“मंग! बाबानी बांधी टाका ना भाऊ!”

प्रवचन संपून नारळ फुटला की फोन पुन्हा सुरू. नारळ भक्ताचा, खोबरं बाबांचं.

मी तेव्हा तिथल्या उपकेंद्रात नर्स होते. एका गुरुवारी भिकुबाईची लेक ताईबाई अडली. बाळाचा हात आधी बाहेर आला होता. हे माझ्या आवाक्यातलं काम नव्हतं. साक्रीच्या दवाखान्यातून जीप मागवायला हवी होती. मी दुकानाकडे धावले, मागे भिकुबाई.

“बाबा, फोन द्या. पोर अडलीय.”

बाबांनी रिसीव्हर छातीशी धरला. “वाणी तुटली तर देवी कोपेल. बाळंतीण जगायची नाही!”

भिकुबाईनं माझा पदर धरला. “नर्सबाई, नको वं! मनी एकच पोर शे!”

“अक्का, देवी थांबेल. तुझी पोर थांबायची नाही.”

मी सरळ फोनवरची, रिसीव्हर ठेवायची खुंटी दाबली. वाणी तुटली. वीज वगैरे काही कोसळली नाही. रिसीव्हर हिसकावून साक्रीचा नंबर फिरवला, तो लागला. जीप आली, धुळ्याला ऑपरेशन झालं, आई आणि मुलगी दोघी वाचल्या.

बाबांनी लगेच जाहीर केलं, “देवीची समजूत मीच घातली!” निम्म्या गावानं मानलंही.

शाळेतले गिरधर मास्तर मात्र चिडले. बाबा साक्रीला फोन करतात तेव्हा कुणाचा फोन मुका होत नाही, हे त्यांनी हेरलं होतं. त्यांनी टेलिफोनच्या ऑफिसात जाऊन विचारलं. पुढच्या गुरुवारी गावोगावच्या फोनपाशी माणसं बसवली आणि बाबांच्या जागी गावातल्या उखर्डूला उभं केलं. नदीपलीकडच्या त्याच गावातून त्याची वहिनी कमलबाई.

“वैनी, म्हैस दूध देस का?”

“दूध नही, लाथ देस!”

म्हशीचं पुराण बराच वेळ चाललं. मग माणसं सायकली हाणत परतली. “गुरुजी, बठ्ठा फोन मुका व्हतात! एक बी चालू नही व्हता!”

“घ्या! आता म्हशीला हार घाला,” मास्तर म्हणाले. “अरे, पंधरा गावांच्या फोनना हवेतून दोनच वाटा आहेत. गावातून शहराशी बोललं की एक वाट अडते. यातल्याच एका गावातून दुसऱ्या गावाशी बोललं की दोन्ही अडतात. मग तिसऱ्याला यंत्र आत घेत नाही. बाबांना हे ठाऊक होतं, कारण खांब उभे करणाऱ्या कंत्राटदाराकडेच ते मजुरीला होते!”

बाबा त्याच दिवशी दोंडाईचाकडे गेले. पुढे तिकडे ते पाऊस थांबवू लागले म्हणे. दिवाळीनंतर हमखास थांबायचा. हस्तीमलशेठनं दुकानात नियम केला, दवाखान्याचा फोन आधी, गप्पा मागून. मास्तर गेले त्याला बरीच वर्षं झाली. उखर्डूनं म्हैस विकली. भिकुबाई अखेरपर्यंत मला भेटली की पाया पडायची. मी रागवायचे, ती ऐकायची नाही. ताईबाईची मुलगी आता एस.टी.त कंडक्टर आहे.

माझं सांगणं एवढंच. एखादी गोष्ट कळली नाही तर ‘मला कळली नाही’ म्हणा आणि कळणाऱ्याला विचारा. पण तोवर घरातलं अडलेलं माणूस दवाखान्यात पोचवा.