माझी तिसरी पिन

"आमू, मोड ती तिसरी पिन! बोर्डाला दोनच भोकं आहेत, दिसत नाही तुला?"

"दिसतंय. तुझे दोन दात मोडू का? जेवायला तीस पुरतात."

"लई शहाणी! तिकडं माणसं येऊन बसलीत विहारात."

"बसू दे. मी तीन पिनांचा बोर्ड घेऊन येते. तोवर हात लावायचा नाही, दादा."

मित्रांनो, हे भाऊ-बहीण माझ्यावरून भांडत होते. मी एक जुना ॲम्प्लिफायर आहे. जुना म्हणालो, भंगार नाही म्हणालो. माणूस माईकमध्ये बोलतो, ते बारीक बोलणं मी मोठं करतो आणि भोंग्यातून शंभर घरांत पोचवतो. हे माझं काम, आणि ते मी झ्याक करतो.

माझा जन्म ब्याण्णव सालचा, बुधवार पेठेतल्या एका जिन्याखालच्या खोलीतला. रतनकाका नावाच्या कारागिरानं मला हातानं जोडलं. पत्र्याचं अंग, हवा खायला मागे जाळी आणि जाड काळ्या वायरच्या टोकाला तीन पिना. "दोन पिनांवर हा चालेल, तिसरीवर माणूस जगेल," असं काका प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे. आत काही बिघडून करंट माझ्या पत्र्यावर आलाच, तर ही तिसरी पिन तो थेट जमिनीत नेते. गिऱ्हाईक मान हलवायचं आणि विचारायचं, "ते ठीक आहे, पण आवाज किती फेकतो?"

रावसाहेबांनी तसं विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "जमिनीत न्यायला घरातसुद्धा तशी वायर लागत असेल ना?" रतनकाका खूश झाले. मीपण.

रावसाहेब म्हणजे आमूचे, म्हणजे आम्रपालीचे, आणि तिच्या दादाचे, चेतनचे वडील. दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत राहायचे. माझ्यासाठी त्यांनी घरात वेगळी अर्थिंगची वायर ओढून घेतली. बारशाला मी, लग्नाला मी, विहारातल्या वंदनेला मी. रात्रीचे दहा वाजले की रावसाहेब माझं बटण बंद करायचे. पोरं चिकटायची, "काका, एकच गाणं!" ते म्हणायचे, "एकच ना? मग उद्या." वस्तीत कुणाचं म्हातारं माणूस आजारी असेल तर भोंगा फिरवायचे. माझा आवाज कधी फाटला नाही आणि माझ्यामुळे कुणाच्या दारात पोलीस आला नाही. दोन्हींचा मला सारखाच गर्व आहे.

मग अठ्ठ्याण्णवला रावसाहेब गेले. चेतनला कंप्युटरच्या कंपनीत नोकरी लागली आणि घरात चंदेरी डेक आला. त्यावर स्टिकर होतं, पाच हजार वॅट. पाच हजार! मी खरा चाळीस वॅटचा. तेवढ्या खोलीत तो खरंच पाच हजार वॅटनं वाजला असता तर छताचे पत्रे उडून पुलावर पडले असते. पण स्टिकर चमकत होतं, म्हणून मी गेलो खाटेखाली. वर हिरानं, म्हणजे पोरांच्या आईनं, प्रेमानं विणलेला रुमाल घातला. प्रेम होतं, पण माझी जाळी बुजली. उंदीर आला. त्यानं माझ्या आतली एक वायर कुरतडली. मला कळत होतं, पण सांगणार कोणाला? दुसऱ्याचं बोलणं मी मोठं करतो, माझं कोण करणार?

दोन हजार एकची बुद्धपौर्णिमा आली. विहारासमोर मांडव पडला. हिरा त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा माईकवर बोलणार होती. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात ती लिहायला शिकली होती आणि आपल्या वडिलांची आठवण तिनं स्वतःच्या हातानं वहीच्या पानावर लिहिली होती. आदल्या दिवशी डेकला माईक लावून बघितला, तर पाच हजार वॅटवाला नुसता खरखरला. म्हणून मला बाहेर काढलं. आणि म्हणूनच ते पिनेचं भांडण लागलं.

आम्रपाली आयटीआयला इलेक्ट्रिशियन शिकत होती. वर्गात ती एकटी मुलगी. ती बोर्ड आणायला वळली आणि चेतननं पकड घेऊन माझी तिसरी पिन मोडली. कट्! मी लंगडा झालो. दोन पिना बोर्डात बसल्या, माझा लाल दिवा लागला. चेतन म्हणाला, "बघा, चालतोय की."

वस्तीतले वयस्कर कचरूआप्पा सतरंजीवर उभे होते. त्यांनी माईक हातात घेतला आणि एकदम सोडला.

"आयला, चावतंय की रं हे!"

लोक हसले. चेतन म्हणाला, "आप्पा, पायात चप्पल घाला, नाही चावणार."

"वंदनेला चप्पल? येडा का खुळा तू?"

"मग माईकला रुमाल गुंडाळा. आई, तू ये पुढं. पाहुणे थांबलेत."

मित्रांनो, माझ्या पत्र्यात तेव्हा करंट भरला होता आणि तोच माईकच्या धातूत उतरला होता. आप्पा कोरड्या सतरंजीवर होते, म्हणून चावण्यावर निभावलं. हिरा उभी राहणार होती ती जागा मूर्तीसमोरची. धूळ बसावी म्हणून तिथं नुकताच सडा मारला होता. ओली माती, अनवाणी पाय. तिनं हात पुढं केला. मला ओरडायचं होतं, आणि माझ्याकडे होती नुसती घरघर.

"आई, हात मागे!"

आम्रपालीनं बोर्ड टाकून दिला आणि धावत येऊन प्लग उपटला.

चेतन भडकला. "अगं, सगळ्यांसमोर तमाशा करतेस?"

"तमाशा तू केलास. पिन कुठाय?"

चेतननं पकड पाठीमागे लपवली. मागून कोणीतरी बोललं, "पोरींना आयटीआयला पाठवलं की हे असं होतं."

तिनं मान वळवली नाही. हिराला लांब कोरड्यात उभं केलं, प्लग पुन्हा लावला आणि टेस्टरचं टोक माझ्या अंगाला टेकवलं. टेस्टर लालभडक पेटला.

तिनं प्लग काढला, पिशवीतून नवा तीन पिनांचा प्लग घेऊन माझ्या वायरला बसवला. विहारातल्या अर्थिंगच्या पॉइंटवरून बोर्ड ओढला, अर्थिंग खरंच चालतंय का ते दिवा लावून तपासलं आणि मला सुरू केलं.

फट्! माझा फ्यूज उडाला.

चेतनला जोर आला. "पडला बंद तुझा डबा! सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळ त्या फ्यूजला, काय होत नाही."

"बंद पडला म्हणजे बिघडला नाही, दादा. आत काय झालंय ते बघ म्हणून सांगतोय तो."

नऊ वर्षांत माझं बोलणं पहिल्यांदा कुणीतरी मोठं केलं होतं! प्लग काढून तिनं मला उघडलं. कुरतडलेली वायर पत्र्याला टेकलेली होती. ती तिनं काढली, नवी टाकली, तेवढ्याच ताकदीचा फ्यूज बसवला. टेस्टर पुन्हा टेकवला. पेटला नाही. मग तिनं स्वतः चपला काढल्या, ओल्या मातीत उभी राहिली आणि आईच्या आधी माईक हातात धरला.

"ये आता, आई. बोल."

हिरा बोलली. पहिली ओळ थरथरली, ते मी तसंच पोचवलं, कारण ते खरं होतं. पुढच्या ओळी ठणठणीत. पुलापलीकडे भाजीवाल्यांनी तराजू थांबवले, असं नंतर मुक्ताई सांगत होती. मुक्ताईची हातगाडी तिथंच असते. मुक्ताई स्वतः शेवटी रडली, पण कबूल करत नाही.

त्या आठवड्यात कचरूआप्पा आम्रपालीला दुरुस्तीसाठी घरोघर घेऊन फिरले. कुणाचा मिक्सर, कुणाचा डेक, कुणाच्या बोर्डात काडेपेटीच्या काड्या घालून बसवलेल्या उघड्या वायरी. चेतन मागे पिशवी धरून होता, न सांगता. आता वस्तीत कार्यक्रम ठरला की लोक विचारतात, "आमूताईचा साउंड आहे ना?" माझ्या पत्र्यावर तिनं रंगानं नाव लिहिलंय, आम्रपाली साउंड. आरशात एकदा बघितलं, उलटं दिसलं, तरी छाती फुगली.

तर मित्रांनो, तुमच्याही घरात असा कोणी असेल. त्याची पिन मोडू नका, त्याच्या जाळीवर रुमाल घालू नका. तो बंद पडला तर त्याला लाथ घालायच्या आधी विचारा, का रे, काय झालं? अजून खूप सांगायचं होतं, भोंग्याचं तर राहिलंच. पण स्वारगेटच्या लग्नाचा टेम्पो आलाय आणि आमूनं माझी वायर गुंडाळायला घेतलीय. मला आता जायचंय.