सहाच टाकलं होतं

माझी नणंद रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे आणि तिथल्या फ्रिजांवर नजर ठेवणारा प्रोग्राम आमच्या ऑफिसचा. एकाच घरात दोन्ही बाजू, म्हणजे जेवायला बसलं तरी सुटका नाही.

पाळी सुरू होताना ती तो प्रोग्राम चालू करते. कमांड टाइप करायची, तिच्यापुढे अलार्मचा ऑप्शन आणि तापमानाचा आकडा. रक्ताला सहा अंशांच्या वर चालत नाही, म्हणून सहा. काहीच टाकलं नाही तर प्रोग्राम आपला दहा धरून बसतो. गेल्या आठवड्यात एक फ्रिज बिघडला, पारा नवावर गेला, आणि अलार्मने ब्र काढला नाही. आतलं सगळं रक्त फेकून द्यावं लागलं. कॉम्प्युटरवरच्या नोंदीत मर्यादा दहा दिसली आणि खापर नणंदेवर फुटलं. आज दुपारी तिची चौकशी होती. नोकरी राहते की जाते, ते तिथेच ठरणार होतं.

"वहिनी, मी सहाच टाकलं होतं," असं ती पहिल्या दिवशी ठणकावून म्हणाली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "टाकलं असणार." आज सकाळी चहा समोर ठेवून नुसती बसली होती.

"मीच विसरले असेन. आज कबूल करून मोकळी होते. तेच तेच ऐकून जीव विटलाय."

एरवी ही बाई नाकाने कांदे सोलणारी. माझ्या भाजीतलं मीठ हिला रोज एक चिमूट कमी नाहीतर जास्त. तिचा स्वतःवरचाच विश्वास उडालेला मला बघवेना. आमच्या ऑफिसातल्या साहेबांनी मला बजावलं होतं, "तुमची नणंद आहे, तुम्ही यात पडू नका. प्रोग्राम इतकी वर्षं चालतोय." मीही पडले नव्हते. घर आणि ऑफिस उरकता उरकता अंगात भांडायचं त्राणच राहत नाही.

आज मात्र ऑफिसात गेल्या गेल्या, पर्स खांद्यावरच ठेवून, मी ती कमांड टाइप केली. अलार्म, सहा. नोंदीत दिसलं दहा. सात टाकून पाहिलं. दहाच.

मग सी भाषेतला तो कोड उघडला. त्यात ऑप्शनांचा एक तक्ता आहे. प्रत्येक ओळीत ऑप्शनचं नाव, आकडा कोणत्या जातीचा, आणि तो मेमरीत कुठे ठेवायचा तो पत्ता. पत्ता व्हॉइड पॉइंटरमध्ये, म्हणजे तिथे खरं काय राहतं ते कोडचा प्रोग्राम बनवणारा कम्पायलर विचारतच नाही. डब्यावर चिठ्ठी साखरेची आणि आत मीठ, तरी त्याचं काही म्हणणं नसतं. अर्धा अंशही टाकता यावा म्हणून साहेबांनी मागे मर्यादेची जागा दशांशाची केली होती. तक्त्यातली चिठ्ठी मात्र पूर्णांकाचीच राहिली. त्यामुळे सहा जाऊन पडला त्या दशांशाच्या अशा कोपऱ्यात, की दहाला धक्काही लागू नये. आणि सी भाषा मूग गिळून बसली.

तक्ता लिहिणारे गुरुजी माझ्या मागे येऊन उभे होते. ऑफिसातल्या सगळ्यांना त्यांनीच शिकवलं, म्हणून गुरुजी. त्यांनी चष्मा काढला.

"लिहिणाऱ्याला आपण काय करतोय ते कळतं, असं मी धरून चाललो होतो."

"दमलेल्या माणसाला नाही कळत, गुरुजी."

ते खुर्ची ओढून शेजारी बसले. आम्ही व्हॉइड काढून टाकला. पूर्णांकाच्या ऑप्शनला पूर्णांकाचाच पत्ता, दशांशाच्या ऑप्शनला दशांशाचाच. जात जुळली नाही तर प्रोग्राम तयारच होणार नाही, असं केलं. कम्पाइल केलं आणि कम्पायलर अलार्मच्या ओळीवर अडून बसला. हे एवढंच त्याने आधी बोलायचं होतं.

साहेब आले. स्क्रीन वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरला. "दुरुस्ती पुढच्या आवृत्तीत जाऊ दे. चौकशीत आपलं नाव कशाला?"

मला राग यायला हवा होता. आला तो नुसता कंटाळा. "तिची नोकरी जाईल, साहेब."

"आणि तुमची?"

"तक्ता माझा आहे," गुरुजी पिशवी उचलत म्हणाले. "मी सांगून येतो. मला कोण काय करणार आता?" आणि जिना उतरूनही गेले. साहेब खुर्चीत बसले. मी त्यांच्यादेखतच नणंदेला फोन लावला.

"अगं, काही कबूल करू नकोस. चूक आमच्या प्रोग्रामची आहे. आमचे गुरुजी निघालेत तिकडे. तू सहाच टाकलं होतंस."

तिने दबक्या आवाजात विचारलं,

"खरंच टाकलं होतं?"

"अगं हो. टाकलं होतंस."

नोकरीचं तिने विचारलंच नाही. "वहिनी, परत एकदा सांग ना," म्हणाली आणि रडायला लागली. मी परत सांगितलं.