तिसरी पायरी

गाडी तिसऱ्यांदा त्याच बोगद्यात शिरली आणि रोसाल्बानं घड्याळात बघितलं. ग्वानाहुआतो शहराच्या पोटात बोगद्यांचा नुसता गुंता, आणि तिचा नवरा एलिओदोरो काही रस्ता विचारणाऱ्यांतला नव्हे.

"बाबा, मघाशी हीच भिंत होती," मागून सित्लाली म्हणाली. एकोणीस वर्षांची लेक. तिच्या हातातला फोन बोगद्यात शिरल्यापासून मुका झाला होता.

"ती वेगळी होती," एलिओदोरो म्हणाला.

सित्लालीच्या एका बाजूला तिची आजी डोन्या ओतिलिया, दुसऱ्या बाजूला आजोबा डॉन फर्मीन. म्हणजे रोसाल्बाचे आईवडील. तीन आठवडे दोघांचा अबोला होता. जे काय बोलायचं ते नातीमार्फत.

"सित्लाली, तुझ्या आजोबांना सांग, बोगदे मोजा म्हणावं. तेवढं तरी जमतं का बघू."

"सित्लाली, तुझ्या आजीला सांग, तीन झाले."

"बघा! तीन म्हणे! या माणसानं तिनाचं नाव तरी काढावं का?"

रोसाल्बानं डोळे मिटले. उद्या दुपारी बारा वाजता सिलाओच्या चर्चमध्ये या दोघांच्या लग्नाच्या पन्नास वर्षांची मिस्सा, म्हणजे खास प्रार्थना होती. दोनशे पाहुणे, दोन डुकरं, नऊ जणांचा मारियाची गाण्याबजावण्याचा ताफा, सगळं ठरलेलं. आणि आईनं काल रात्री जाहीर केलं होतं, "ज्याला तीनपर्यंत मोजता येत नाही, त्याच्याशेजारी मी पुन्हा वेदीपुढे उभी राहणार नाही."

सगळं त्या फोटोनं केलं. लग्नाच्या दिवशी दोघं इथल्या चुंबन गल्लीत आले होते. तिथल्या तिसऱ्या पायरीवर जोडप्यानं मुका घ्यायचा. चुकलात तर सात वर्षं वाईट. म्हणजे आपली साडेसातीच, फक्त अर्ध्या वर्षाची सूट. हल्ली ती पायरी लाल रंगवलेली असते, त्या काळी मोजावी लागायची. मोजली डॉन फर्मीननी, आणि कुणीतरी फोटो काढला. आता सित्लालीनं हौसेनं तो फोटो उद्याच्या हॉलसाठी दाराएवढा करून आणला, आणि पन्नास वर्षांत पहिल्यांदा सगळ्यांना पाय नीट दिसले. चौथी पायरी.

त्या दिवसापासून आईनं हिशेबच मांडला होता. पहिल्या वर्षी छप्पर उडालं, दुसऱ्या वर्षी खेचर मेलं, तिसऱ्या वर्षी पावाची भट्टी फुटली...

"आणि सातव्या वर्षी मी झाले, आई," रोसाल्बा एकदा न राहवून म्हणाली होती.

"मी काही बोलले का? तारखा बोलतात."

म्हणून आजची ही सहल. पुढच्या पिढीला शहर दाखवायचं हे नुसतं निमित्त. दोघांना गोडीगोडीनं गल्लीत न्यायचं, लाल पायरीवर उभं करायचं, काम फत्ते. आईनं यायचं कबूल केलं, तेही उद्याचे पांढरे बूट घालून. नवे बूट आदल्या दिवशी पायात रुळवायचे असतात म्हणे. रोसाल्बानं त्याला शुभशकुन मानलं.

पाचव्या फेरीला एकदाची गाडी उजेडात आली. गल्लीपर्यंत पोचायला चार वाजले, कारण वाटेत डॉन फर्मीनना ममींचं म्युझियम बघायचं होतं. तिथं काचेमागे तोंड वासून उभ्या असलेल्या एका वाळक्या गृहस्थाकडे बघत आई म्हणाली, "सित्लाली, विचार आजोबांना, हा यांच्याच शाळेत होता का?"

गल्ली एवढी अरुंद की समोरासमोरचे सज्जे एकमेकांना खेटलेले. खाली जोडप्यांची ही लांब रांग. रांगेचा कारभार चाबेला नावाच्या जाड बाईकडे होता. फोटोही तीच काढायची.

"पुढचे! चला, लवकर!"

डॉन फर्मीन काठी टेकत पुढे झाले. मागोमाग आई. तेवढ्यात आई थांबली.

"हे ओलं आहे."

"आत्ताच हात फिरवलाय," चाबेला म्हणाली. "दर शनिवारी रंगवते मी. पर्यटक बुटांना लावून नेतात सगळा."

"माझे बूट उद्याचे आहेत."

"मग उद्या या."

"उद्या मिस्सा आहे!" रोसाल्बा ओरडलीच. "आई, बूट काढ ना!"

"काढू? पन्नास वर्षांपूर्वी मी बूट घालून आले होते. अनवाणी मुका धरतात का, विचार त्यांना."

"तसं अजून कुणी विचारलेलं नाही," चाबेला म्हणाली.

मागची रांग चुळबुळायला लागली. कुणीतरी टाळ्या पिटत "मुका! मुका!" सुरू केलं, आणि सगळी गल्ली ओरडायला लागली. रोसाल्बाच्या डोळ्यांपुढे दोनशे पाहुणे आणि वेदीपुढे एकटे उभे असलेले बाबा.

"मी आधी मोजतो," डॉन फर्मीन म्हणाले. "पुन्हा बोलणी खायची नाहीत मला." त्यांनी काठीनं पायऱ्या टोकल्या. एक, दोन. तिसरीवर काठी सटकली, आणि ते फतकल मारून थेट त्या लाल रंगात बसले. पांढऱ्या विजारीसकट.

रांगेतल्यांच्या माना पुढे आल्या.

आणि आई हसली. तीन आठवडे दाबून ठेवलेलं हसू एकदम सुटलं, खांदे गदगदा हलायला लागले.

"फर्मीन, उठा हो! लोक बघतायत!"

थेट! नातीला मध्ये न घालता! रोसाल्बानं सित्लालीचं मनगट घट्ट धरलं.

"उठतो. पण आधी तू मोज."

आईनं मोजलं. "तिसरीच आहे," ती कबूल झाली. बाबा काठीच्या आधारानं उठले, आई कडेकडेनं वर चढून त्यांच्याकडे वाकली, आणि सगळी गल्ली शिट्ट्या मारू लागली. चाबेलानं आणि सित्लालीनं एकदमच फोटो काढला.

परतताना डॉन फर्मीनच्या खाली एलिओदोरोनं चार वर्तमानपत्रं अंथरली. सित्लालीनं पुढे वाकून रोसाल्बाच्या नाकासमोर गुपचूप फोन धरला. बाबा तिसऱ्या पायरीवर. आणि आईचे पांढरेशुभ्र बूट, डाग नाही की काही नाही, चौथ्या पायरीवर.

रोसाल्बानं फोन पटकन खाली दाबला.

"पाय काप," ती कुजबुजली.

"काय?"

"फोटोतले गं! कमरेच्या वर ठेव."

"काय चाललंय पुढे?" मागून आईचा आवाज. "फोटो ना? पाय आलेत का?"

"नाही आले, आजी," सित्लाली म्हणाली.

"बरं झालं. मी चौथीवरच होते."

रोसाल्बा गर्रकन वळली. "आई! मग पुन्हा सात वर्षं..."

"बूट नवे आहेत गं." आईनं वर्तमानपत्रावर बसलेल्या नवऱ्याकडे एकवार बघितलं. "आणि या वयात सात वर्षं म्हणजे पुष्कळ झाली. मिळू देत तर खरी. छप्पर आता पक्कं आहे, खेचर नाहीच." मग हात लांबवून तिनं रोसाल्बाची बट कानामागे सारली. "मागच्या खेपेला सातव्या वर्षी निघालं, ते काही अगदीच टाकाऊ नव्हतं."

"उद्या येशील ना मग?"

"बूट काय उगाच रुळवले?"

"सित्लाली, तुझ्या आजीला सांग," डॉन फर्मीन सवयीनं म्हणाले.

"मलाच सांगा की. इथंच तर बसलेय."

"हा तोच बोगदा आहे. दुसऱ्यांदा."